पाण्याचा वाटा

भोईवस्तीच्या पाण्यातली चिलापी मासळी संपत आली आणि त्याच हंगामात गोविंद मल्लावांनी आपल्या पोटच्या पोरीशी बोलणं टाकलं.

टाकलं म्हणजे अगदी टाकलं. अक्षदा पुण्याच्या प्रयोगशाळेतून फोन करायची, विचारायची, "आबा जेवले का?" मग पलीकडून गजराआत्याचा आवाज यायचा, "जेवले म्हणून सांग म्हणतायत." आबा आत्याच्या शेजारीच बसलेले असत, त्यांचा खोकलाही ऐकू येई, पण शब्द मात्र आत्याच्या तोंडून. आई गेल्यावर याच आत्याने अक्षदाला वाढवलं होतं. आता या वयात तिला बापलेकींमधली टपालवाली व्हावं लागलं होतं, आणि त्याबद्दल ती दोघांनाही सारख्याच शिव्या घालत असे.

बापाचा राग अगदीच अनाठायी होता असं नाही. चिलापी खाऊन संपवणारा मासा अक्षदानेच त्या पाण्यात सोडला होता.

चिलापी काही इथली नव्हे. कुणीतरी कधीतरी ती आफ्रिकेतून आणली आणि उजनी धरणाच्या फुगवट्यात तिने असं बस्तान बसवलं, की रोहू, कटला, वाम आणि मरळ यांना पाय ठेवायला जागा उरली नाही. माशांना पाय नसतात ही गोष्ट वेगळी. बरं, नुसती वाढली असती तरी चाललं असतं. गर्दी झाली तशी ती खुजी होत गेली. आजोबांच्या जाळ्यात हातभर मासा यायचा, नातवाच्या जाळ्यात तळहाताएवढा. काट्यांची पुरचुंडी नुसती. वस्तीवरची तरणी पोरं जाळी गुंडाळून कारखान्यांत कामाला गेली, आणि त्यांना नावं ठेवावीत असं काही उरलंही नव्हतं.

अक्षदा मात्र मासे शिकायला गेली. तिच्या प्रयोगशाळेने इलाज शोधला तोही आफ्रिकेतलाच, चिलापीच्याच गोतावळ्यातला. मलावी नावाच्या अफाट सरोवरात वीतभर लांबीचा एक शिकारी मासा राहतो. तिथले लोक त्याला कलिगोनो, म्हणजे झोपाळू म्हणतात. हा पठ्ठ्या भक्ष्याच्या मागे धावत नाही. तळाशी जातो, एका कुशीवर कलंडतो आणि पडून राहतो. अंगावर पांढुरके, मळकट डाग असे, की कुजत पडलेलं मढंच वाटावं. छोटे मासे ते मढं कुरतडायला जमतात. एखादा तोंडाजवळ आला की मढं जागं होतं आणि त्याला गट्ट करतं. वस्तीने त्याला पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, सोंग्या.

पण असा शिकारी पाण्यात मोकळा सोडायचा तर दोन धास्ती होत्या. एक, त्याचीच प्रजा माजली तर? आणि दोन, चिलापीबरोबर त्याने मरळीची पिल्लंही खाल्ली तर? पहिल्यावर उपाय सोपा होता, सोडायचे ते सगळे नर. दुसऱ्यावर अक्षदाने आयुष्याची आठ वर्षं घातली. चिलापीची आई पिल्लांना तोंडात सांभाळते, त्यामुळे त्या पिल्लांना कितीतरी दिवस एक ठरावीक वास येत राहतो. आपल्याला तो कळत नाही, माशांना कळतो. सोंग्याच्या जनुकांत फेरफार करून अक्षदाने त्याची झडप त्या वासाला बांधून टाकली. वास आला तर सोंग्या जागा होणार, नाही आला तर पडून राहणार. कुलूप एक आणि किल्लीही एकच. या फेरफाराचा एक परिणाम मात्र झाला. सोंग्याची झोप मुळापेक्षा गाढ झाली. तो घाबरला तरी पळायचा नाही, आणखी निपचित पडायचा. प्रयोगशाळेत सगळ्यांना त्याचं हसू येई.

प्रयोगासाठी फुगवट्याचा एक फाटा जाळीच्या भिंतीने अडवला, तो भोईवस्तीचा. कारण वस्तीच्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन होते गोविंद मल्लाव. भर सभेत ते उभे राहिले होते आणि म्हणाले होते, "माझ्या पोरीवर इस्वास ठेवा. काय झालं तर मी हाय."

आणि नेमकं काहीतरी झालंच. चिलापी हळूहळू, सात-आठ वर्षांत कमी होणार, तेवढ्यात बाकीचे मासे सावरणार, जाळी कधीच रिकामी राहणार नाहीत, असा हिशेब होता. प्रत्यक्षात तिसऱ्याच वर्षी चिलापी धाडकन खाली आली. मरळ अजून दिसत नव्हती. लोक रिकामी पाटी घेऊन चेअरमनच्या दारात येऊन उभे राहायचे. कुणी काही बोलायचं नाही, आणि तेच आबांना सोसत नव्हतं.

अक्षदा वस्तीवर आली ती आत्याच्या निरोपावरून. रविवारी सभा होती. पाण्यात औषध टाकून अख्खा फाटा कोरा करावा, असा ठराव येणार होता. औषध म्हणजे माशांचा श्वास बंद करणारं विष. सोंग्याही मरणार, उरलीसुरली चिलापीही, आणि आणखी जे काही असेल तेही. नंतर नव्याने मत्स्यबीज सोडायचं आणि ते बीज चिलापीचंच. वस्तीवरचे जुने मच्छीमार रावसाहेब नगरे ठराव मांडणार होते आणि चेअरमन सही करणार होते.

ती अंगणात शिरली तेव्हा आबा जाळं सांधत होते. त्यांनी मान वर केली नाही. आत हाक मात्र मारली, "गजरे, पाव्हणीला पाणी दे."

पाव्हणी हा शब्द अक्षदाला आत कुठेतरी लागला. तिने पाणी घेतलं आणि गुपचूप पिऊन टाकलं.

तिची खरी भीती वेगळीच होती आणि ती तिने आत्यालाही सांगितली नव्हती. पुण्याहून निघण्यापूर्वी तिने पाण्याखालच्या मोजणी यंत्राचे आकडे पाहिले होते. दरवर्षी काही सोंगे जाळ्यात मरतील, असं धरलं होतं. त्या मानाने आज पाण्यात तिप्पट सोंगे होते. इतके आले कुठून? एकच उत्तर सुचत होतं. नरांमध्ये कुठेतरी मादी निपजली असेल आणि सोंगे पिल्लं घालत असतील. तसं असेल तर जाळीची भिंत फार काळ पुरणार नव्हती. उद्या सगळं उजनी, परवा भीमा. तसं असेल तर विषाच्या ठरावावर पहिली सही तिला स्वतःलाच करावी लागली असती.

तिने तळाशी पिंजरे लावले, सापडतील तेवढे सोंगे धरले आणि ओसरीत बसून एकेक चिरून पाहिला. चाळीस झाले. सगळे नर. लहान पिल्लू एकही नाही, सगळे सोडलेल्या वयाचेच. आत्या शेजारी बसून बघत होती; चिरता चिरता अक्षदाने तिला आपली शंका सांगून टाकली.

"मग चांगलंच झालं की गं," आत्या म्हणाली. "तोंड का पाडून बसलीस?"

"पिल्लं होत नाहीत, तरी एवढे आहेत, आत्या. म्हणजे सोडलेल्यातला एकही मेलेला नाही. तीन वर्षं रोज जाळी पडतायत आणि एकही मरत नाही, हे कसं?"

"मला काय इचारतीस? मासा तुझा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या जाळं काढायला निघाली, तशी अक्षदाही होडीत बसली. आबा ठरावाच्या कामाला सोसायटीत गेले होते. ऊन कोवळं होतं, बगळे काठाला उभे होते. कित्येक वर्षांनी अक्षदाच्या हातात ओलं जाळं आलं आणि हातांना सगळं आपोआप आठवलं. एक पाय फळीवर, जाळं ओढायचं, मासा सोडवायचा, चांगला पाटीत. आत्या वस्तीवरच्या लग्नांबद्दल बोलत होती आणि अक्षदा हसत होती. जाळ्यात फारसं काही नव्हतं. थोडी चिलापी, एक वाम. मध्येच एक मऊ, थंडगार, डागाळलेला मासा तिच्या हाताला लागला. तो तिने कपाळाला लावला आणि पाण्यात सोडून दिला. थोड्या वेळाने आणखी एक. तोही कपाळाला लावला आणि तिचा हात होडीच्या बाहेर गेला, तसा तिथेच थांबला.

मेलेला मासा पाण्याचा. तो पाटीत घ्यायचा नाही, काठावर टाकायचा नाही. कपाळाला लावून तिथल्या तिथे पाण्याला परत द्यायचा, हा भोईवस्तीचा रिवाज होता. त्याला पाण्याचा वाटा म्हणत. सडका मासा पाटीत गेला तर बाकीचे नासवतो, असा त्यामागे व्यवहारही असेल, पण वस्तीवर कुणी व्यवहार म्हणून तो पाळत नव्हतं. आणि चेअरमनच्या घरात तर तो काटेकोर पाळला जाई.

"आत्या, सकाळपासून तू असे किती टाकलेस?"

"कसले?"

"मेलेले."

"ते काय मोजायचं असतं व्हय?"

अक्षदाने हातातला मासा बादलीतल्या पाण्यात सोडला आणि दोघी वाकून बघत राहिल्या. तो तळाशी गेला, कलंडला, पडून राहिला. बराच वेळ काही झालं नाही. मग एक पर हलला. मग मासा सरळ झाला आणि बादलीच्या कडेकडेने निवांत फिरू लागला.

"अगं बया!" आत्या ओरडली. "हा तर जित्ता हाय!"

जाळ्यात अडकला की सोंग्या घाबरायचा, घाबरला की मढं व्हायचा, आणि मढं झालं की वस्ती त्याला हात जोडून पाण्यात परत पोचवायची. तीन वर्षं, रोज. जगातल्या सगळ्या मच्छीमारांची सरासरी काढून अक्षदाने हिशेब केला होता. त्या सरासरीत तिची स्वतःची वस्ती नव्हती. लहानपणापासून हजार वेळा मासा कपाळाला लावून पाण्यात सोडलेला, पण ही गोष्ट डोक्यात कधी गेलीच नव्हती. ती फक्त हातात होती.

तिला हसू फुटलं, आत्यालाही फुटलं. दोघी होडीत बसून पोट धरून हसल्या. आणि हसता हसता अक्षदा थांबली. हे आबांना सांगायचं कसं? तुमच्या रिवाजाने तुमची जाळी रिकामी केली, असं?

दुपारी जेवताना तिने सांगितलं. आत्या मध्ये बसली होती, पण या वेळी निरोप द्यायची गरज नव्हती, ताटं एवढी जवळ होती. आबांनी सगळं ऐकलं. भाकरीचा शेवटचा तुकडा खाल्ला, हात धुतला आणि चपला घालून पाण्याच्या दिशेने निघून गेले. आपण उरलंसुरलंही घालवलं, असं अक्षदाला वाटलं आणि तिला ताटावरच रडू आलं.

रविवारी सकाळी सोसायटीच्या पत्र्याच्या शेडमध्ये सगळी वस्ती जमली. आबा टेबलामागे बसले होते. अक्षदाने उभं राहून जे होतं ते सांगितलं. विष घालायची गरज नाही. सोंग्यांना पिल्लं होत नाहीत. जाळ्यात येतील ते परत टाकू नका, बाहेर काढा, म्हणजे वर्षभरात त्यांची संख्या हिशेबात येईल आणि चिलापीही थोडी सावरेल.

रावसाहेब नगरे उठले. त्यांचे दोन्ही मुलगे गेल्या वर्षी चाकणला गेले होते आणि तेव्हापासून त्यांचा आवाज चढलेलाच असे.

"म्हंजे चूक आमची? आम्ही पाण्याचा वाटा दिला, ही चूक?"

"चूक माझी, काका. हिशेब मी केला. आणि मी काही बाहेरची नव्हते."

या उत्तराची रावसाहेबांना अपेक्षा नव्हती. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो मात्र अगदी नेमका होता. "बरं, ते राहू दे. आता चिलापी संपत आली. तुझा मासा उपाशी हाय. उपाशी जीव वास बघून जेवतो व्हय? उद्या मरळ आली आणि हा तिची पिल्लं खात बसला, तर?"

अक्षदाने आबांकडे पाहिलं. आबा टेबलाकडे बघत होते. तिला खोटं बोलता आलं असतं. प्रयोगशाळेत मासे आठवडाभर उपाशी ठेवून पाहिले होते आणि कुलूप टिकलं होतं. पण आठवडा वेगळा आणि महिने वेगळे.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "इतके दिवस उपाशी ठेवून आम्ही कधी पाहिलंच नाही. टिकेल असं वाटतं. पण माहीत नाही."

लोकांत कुजबुज सुरू झाली. आबा उठले.

"गजरे," ते म्हणाले, "तिला म्हणावं, एक मोठा टब आण आणि तळातला उपाशी सोंग्या आण."

ते स्वतः बाहेर गेले आणि ओलं पोतं झाकलेली बादली घेऊन आले. पोतं काढलं तसे पुढचे लोक उठून उभे राहिले. बादलीत लालसर केशरी रंगाच्या इवल्या इवल्या पिल्लांचा एक गोळा फिरत होता. ज्यांना ओळख होती त्यांना सांगावं लागलं नाही. मरळीची पिल्लं! या फाट्यात ती दिसून कैक वर्षं झाली होती.

"तात्या, कुठं गावली?" रावसाहेबांनी आबांना विचारलं.

"ते सांगत नसतो," आबा म्हणाले, आणि पहिल्यांदा थोडं हसले. "महिना झाला राखतोय. विष पडलं असतं तर आधी ही काढून ठेवली असती. आईबाप तिथंच हायत. आता बघा. सोंग्यानं यातलं एक जरी गिळलं, तर विषाच्या कागदावर पहिली सही माझी."

टब आला. अक्षदाने तळाच्या पिंजऱ्यात नव्याने सापडलेला सोंग्या आणून त्यात सोडला. उपासाने त्याचं पोट आत गेलं होतं. तो तळाशी गेला आणि कलंडला. आबांनी ओंजळीने काही पिल्लं टबात सोडली. अख्खी वस्ती टबाभोवती वाकली होती. आठ वर्षांचं काम, बापाचा शब्द, फाट्यातला प्रत्येक जीव, सगळं त्या टबात येऊन पडलं होतं.

पिल्लं आधी कडेला राहिली. मग एक धीट पिल्लू पुढे आलं, मढ्याच्या शेपटीला तोंड लावून गेलं. मग दुसरं. मग सगळा गोळाच त्याच्या अंगावर आला. एक तर थेट त्याच्या ओठांशी घुटमळू लागलं. सोंग्याचा डोळा फिरला. सोंग्या सरळ झाला, तसा अक्षदाने टबाचा काठ घट्ट धरला. सोंग्याने एक वळसा घेतला, टबाच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि तिथे पुन्हा कलंडला. पिल्लं त्याच्या मागोमाग गेली आणि पुन्हा कुरतडू लागली. तो पुन्हा उठला, पुन्हा जागा बदलून पडला.

"अरं, त्याला धड मरू तरी द्या की रं!" मागून एक म्हातारी म्हणाली आणि शेड हसण्याने दणाणून गेली.

बराच वेळ असंच चाललं. मग रावसाहेब स्वतःच उठले, बाहेर जाऊन चिलापीचं एक पिल्लू शोधून आणलं आणि टबात टाकलं. ते पिल्लू खाली पोचलंच नाही. गट्ट! मरळीची पिल्लं दचकून पांगली आणि सोंग्या पुन्हा शहाण्यासारखा पडून राहिला.

"एका टबावरून सगळं ठरत नाही," अक्षदा घाईघाईने म्हणाली, कारण गप्प राहणं तिच्या स्वभावात नव्हतं. "दर आठवड्याला पाहावं लागेल, वेगवेगळ्या माशांबरोबर."

"बघू की. टब काय कमी हायत?" रावसाहेब म्हणाले. आवाज उतरला होता. मग म्हणाले, "पण तात्या, पाण्याच्या वाट्याचं काय? तो मोडायचा?"

आबांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा नीट बसवली. "वाटा मेलेल्याचा असतो. आपण तीन वरसं जित्त्याला मेलेला म्हणून परत देत हुतो. पाण्याला त्याचा वाटा मिळाला न्हाई, आणि आपल्यालाबी आपला मिळाला न्हाई. आजपास्नं होडीत एक बादली ठेवायची. डागाळलेला मासा आला की बादलीत टाकायचा. उठला तर आपला. न्हाई उठला तर पाण्याचा, कपाळाला लावून. पाळायचं तर नीट पाळू."

विषाचा ठराव मांडलाच गेला नाही. रावसाहेबांनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि बादल्या कुणाकडे किती आहेत याची विचारपूस सुरू केली. अक्षदा भिंतीला टेकून उभी राहिली. आनंद झाला होता, अगदी मोठ्याने ओरडावंसं वाटण्याइतका झाला होता, पण आबा तिच्याकडे न बघताच माणसांच्या घोळक्यातून घराकडे निघून गेले आणि त्या आनंदाला एक बाजू रिकामी राहिली.

दुपारी ओसरीत पानं मांडली. आत्याने त्या दिवशी जाळ्यात आलेले, बादलीत उठून बसलेले दोन सोंगे कालवणात घातले होते. वस्तीवर हा मासा अजून कुणी खाल्ला नव्हता. दिसायला मढ्यासारखा, म्हणून आत्या स्वतःही जरा नाक मुरडत होती. तिने वाढायला पळी उचलली, तशी आबांनी ती तिच्या हातून घेतली. पातेल्यात ढवळून मधला, जाड मांसाचा तुकडा शोधला आणि आधी अक्षदाच्या ताटात वाढला. मग स्वतःला घेतला, एक घास खाल्ला, विचार करत चावला.

आत्या दोघांकडे आळीपाळीने बघत होती. विचारायचं असेल ते तिच्यामार्फत विचारलं जाणार, म्हणून ती तयारीत होती.

आबांनी दुसरा घास तोंडाजवळ नेला, थांबले, आणि थेट लेकीकडे बघून म्हणाले, "बारीक काटं हायत गं. बघून खा, अक्षे."

अक्षदाने मान हलवली. तिने बोटांनी एक बारीक काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि घास घेतला.